माझ्यावाचून गेलेला आठवडा

ती. ताईस नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे हे मी विचारत नाही. विचारलं की तू "बरा आहे" म्हणतेस आणि भिंत धरून उठतेस. तुझ्याकडे यायचं मी दर खेपेला ठरवते आणि ऑफिसमुळे राहून जातं, तेही तुला आता पाठ झालं असेल.

गेला आठवडाभर मी घरी आहे. आजारी नाही, कोणी काढूनही टाकलेलं नाही. माझी चाचणी चालली होती. आमची टीम हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळते, आणि तिची प्रमुख म्हणून माझा नियम एकच: कुठलीही गोष्ट एकाच्याच भरवशावर ठेवायची नाही. म्हणून अधूनमधून आम्ही एखादा चांगला चालता सर्व्हर मुद्दाम बंद करतो आणि काम अडतं का ते पाहतो. या वेळी काय बंद करू या असं मी विचारलं, तर आमची भिंगवाली (कोडमधली चूक तिला खोलीच्या दारातूनच दिसते) शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हालाच बंद करून बघायचं का?" सगळे आपापल्या कपात बघू लागले. नियम माझाच, तेव्हा मला मान डोलवावी लागली.

पहिल्या दिवशी फोन मांडीवर घेऊन बसले. वाजला नाही. बिघडला असेल म्हणून शेजारणीला रिंग द्यायला सांगितली, तर खणखणीत वाजला. "मुलांच्या फोनची वाट बघताय का हो?" तिनं विचारलं. हो म्हटलं. (पोटची नव्हेत, एवढंच.) इतकी वर्षं या लोकांनी मला भरल्या ताटावरून उठवलं, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून. मी कुरकुरायचे, पण मला उठायला आवडायचं गं.

मग आपलं कॉन्व्हेंट शाळेतलं नाटक आठवलं. राणी तू होतीस, आणि तू आजारी पडलीस तर कोणी तरी हवं म्हणून मदरनी तुझी सगळी वाक्यं माझ्याकडून घोकून घेतली होती. तू कसली आजारी पडतेस. मी विंगेत उभी राहून नुसते ओठ हलवत तुझ्याबरोबर राज्य केलं. या आठवड्यात उलगडलं, की आता राणी मी होते आणि विंगेत भिंगवाली उभी होती. तिला सगळं पाठ होतं. अभिमान वाटला. थोडं रडूही आलं, पण ते स्वयंपाकघरात.

शेवटी राहवेना, म्हणून पेशंट असल्याचं सांगून हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. कुठे तरी अडेल, निदान अडखळेल, अशी आशा होती. कुठेच अडलं नाही. हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, फोन ठेवेपर्यंत मेसेजही आला. माझ्यावाचून सगळं सुरळीत चालतं, आणि तेच घडावं म्हणून तर मी इतकी वर्षं धडपडले. सोमवारी जाऊन सगळ्यांची पाठ थोपटेन.

तुझी धाकटी

ता. क. ती वेळ तुझ्या नावावर घेतली आहे. पुढचा गुरुवार, उजवा गुडघा. बुधवारी मी तुला न्यायला येते. ऑफिसची सबब आता उरलेली नाही.

आणखी ता. क. वेळ रद्द कशी करायची, ते विचारू नकोस. तेवढी एक गोष्ट माझ्या एकटीच्याच भरवशावर राहू दे.