मुठीतला अंगठा

१२ जानेवारी, सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात तब्येतीने करावी, असं शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. तर माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. बाबांचं मागून लिहिते.

गेल्या आठवड्यात बाबांचा तो सिनेमा पाहिला. आई आपल्याला कधी बघू द्यायची नाही तोच, खुनाचा, काळापांढरा. फिल्म सोसायटीने जुनी प्रत स्वच्छ करून लावली होती. नायकाची हॅट अजून रुबाबदार आहे. नायिका सारखी सिगारेट पेटवते आणि ओढत मात्र नाही.

त्यात बाबा लॉजचे कारकून आहेत. मागे खुंट्यांना किल्ल्या लटकलेल्या. वरच्या खोलीतल्या पाहुण्याला मारायला दोघं येतात. बाबा म्हणतात, "ते सकाळीच गेले." आवाज सरळ, चेहरा कोरा. मला वाटलं, वाचला बिचारा. तेवढ्यात काउंटरवरच्या त्यांच्या हाताचा अंगठा हळूच मुठीत शिरला. त्यातल्या एकाने ती मूठ पाहिली आणि तो जिना चढू लागला.

दादा, मी खुर्चीत ताठ झाले. ती मूठ बाबांची नाही. बाबा घाबरले की खाकरतात. अंगठा तू दडवायचास. शूटिंगहून आल्यावर ते "काय रे, अभ्यास?" म्हणायचे, तू "झाला" म्हणायचास, आणि अंगठा आत. मला ठाऊक होतं, कारण मी तुझ्या शेजारी उभी असायचे. त्यांना कसं ठाऊक? ते तर पेपरातून डोकं वर काढत नसत. तू नेहमी म्हणतोस, "त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही, माझी इयत्तासुद्धा त्यांना सांगता आली नसती." ते खरंय. माझीही आली नसती.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. शेजारची बाई म्हणाली, "अहो, शेवट कालचाच आहे." मूठही कालचीच होती.

मग बाबांनाच विचारलं. हल्ली ते पडूनच असतात, बोलतात ते तुटक तुटक.

"लॉजवाल्याची ती मूठ कुठून आणलीत?"

ते छताकडे बघत म्हणाले, "घरातूनच उचलली. पोराला विचारायचं राहिलं."

"पण तुम्हाला दिसली कधी?"

"पेपर नुसता धरायचो गं."

मी तुला ये म्हणणार नाही. मागच्या वेळी म्हटलं तर फोन ठेवलास. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी आता भेटून घ्यावं. हे फक्त कळवते.

आणखी एक. काल दूध पाजताना त्यांनी मला विचारलं, "तो अजून तसं करतो का?"

मला सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत तुझा हात मी तरी कुठे पाहिलाय?

तुझ्या शेजारी उभी असायची ती,
ठकी