मागच्या सीटवरच्या वाळूच्या पिशव्या उतरवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
उड्डाण-चाचणी विभाग,
विमान संशोधन केंद्र.

विषय : पहिल्या उड्डाणात न बसण्याची मला दिलेली सूट रद्द करून, शेपटीची फेरतपासणी होईपर्यंत उद्याचे उड्डाण थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) सूट मिळण्यासाठी मी केलेला अर्ज. २) त्याच दिवशी मिळालेली आपली मंजुरी.

महोदय,

मी आपल्या केंद्रात संशोधन अभियंता आहे. शिकाऊ वैमानिकांच्या दोन सीटांच्या विमानाला बसवलेली नवी, वजनाने हलकी शेपटी हे माझे काम. उद्या सकाळी ती पहिल्यांदा हवेत जाणार आहे, आणि ती सुखरूप खाली आली की मान्यता मंडळ माझे नाव मान्यताप्राप्त अभियंत्यांत घेणार आहे.

आपल्याकडचा रिवाज आपण जाणताच : ज्याची सही, त्याची सीट. आराखड्यावर ज्याने सही केली त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागे बसायचे. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. या कारणास्तव मी सूट मागितली. इतर वेळी साध्या रजेला आठवडा लागतो. ही सूट दुपारच्या आत मिळाली. माझ्याऐवजी माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या बसवाव्यात, असा आदेश निघाला. पिशव्यांना पट्टाही बांधला आहे, तो मी स्वतः पाहिला. उड्डाणात हजर राहण्याची मंडळाची अट यामुळे पुरी होते काय, असे मी मंडळाच्या कारकुनांना विचारले. ते म्हणाले, "वजन हजर आहे ना मॅडम, मग तुम्ही हजर."

महोदय, त्या अर्जात लिहिले ते खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे येथे लिहिते.

मोठ्या पंख्याचा वारा बंद बोगद्यातून सोडून विमानाचे मॉडेल तपासतात, त्या विंड टनेलमध्ये माझी शेपटी गुणगुणते. वारा वाढवत नेला की एका ठरावीक वेगाला बारीक आवाज येतो, वेग आणखी वाढवला की थांबतो. मॉडेलच्या बाहेर आलेल्या दांड्याला हात लावला तर बोटांना मुंग्या येतात. विमान खाली उतरायला निघते तेव्हा त्याच वेगातून जाते. आमच्या संशोधन विभागाच्या विभागप्रमुखांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "पंख्याचा आवाज आहे तो. बाळंतपणानंतर बायकांचे कान जरा जास्तच तिखट होतात." मी मॉडेल काढून नुसता पंखा त्याच वेगाने चालवला. आवाज आला नाही. त्यावर ते म्हणाले, "मॉडेल काढल्यावर टनेलमधला वाराच बदलतो, तुलना कशी करणार? मॅडम, मान्यता उंबऱ्यापर्यंत आलीय. तिला दारातून परत धाडू नका."

मी गप्प बसले. मागच्या वेळी मंडळ बसले तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. या वेळीही नाव राहिले तर पुढे कोणी पुकारील असे मला वाटत नव्हते. म्हणून मी मधला मार्ग काढला : सही कायम ठेवायची आणि सीट सोडायची. तान्ह्या मुलीच्या आड लपले की कोणी काही विचारत नाही, हे मला तेव्हा कळले.

काल हँगरमध्ये चाचणी वैमानिक भेटले. सगळे केंद्र त्यांना काका म्हणते. मी पिशव्यांकडे पाहत उभी होते. ते म्हणाले, "बसत नाहीस ते बरं केलंस गं. पोर लहान आहे. आणि या वाळूच्या बाईसाहेब तुझ्यापेक्षा कमी बडबडतात." मी हसले. मग ते जाता जाता म्हणाले, "खरं सांगू? शेपटीचे कागद मी वाचलेच नाहीत. तू बसणार होतीस ना, म्हटलं लेकुरवाळी बाई बसतेय म्हणजे शेपटी पक्की."

मला सूट मिळाली हे त्यांना कळले होते, ती मागण्याचे खरे कारण कळले नव्हते. घरी मुलीला मांडीवर घेतले तरी बोटांना त्याच मुंग्या येत होत्या. यजमान म्हणाले, "तुला बसायचं नाही, मग एवढी घाबरतेस कशाला?" बसायचे होते तोवर मला स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती आणि ती सोसवत होती. ही काकांच्या जिवाची आहे, ती सोसवत नाही.

तरी विनंती की :

अ) जमिनीवर शेपटी हलवून तिच्या कंपनांची तपासणी होईपर्यंत उड्डाण पुढे ढकलावे. त्यापायी माझी मान्यता या वेळी बुडणार आहे, हे मला मान्य आहे. तसे वेगळे लेखी हवे असल्यास देते.

आ) आवाज पंख्याचाच आहे असे विभागप्रमुखांना खात्रीने वाटत असल्यास त्यांनी आराखड्यावर माझ्या जागी सही करावी. रिवाज त्यांनाही लागू आहे.

इ) यांपैकी काहीच शक्य नसेल तर पिशव्या उतरवून मला बसवावे. हे मी धीट आहे म्हणून लिहीत नाही. पण मी पट्टा बांधून मागे बसले आणि रडले, तर काका निदान मागे वळून कारण विचारतील. वाळू काही सांगणार नाही.

आजच उत्तर मिळावे. मी मुलीला पाळणाघरात ठेवून आपल्या दालनाबाहेर बाकावर बसले आहे.

आपली आज्ञाधारक, पण या एका बाबतीत नाही,

(सही)
संशोधन अभियंता, शेपटी गट
दिनांक : उड्डाणाचा आदला दिवस, दुपार

सोबत : विंड टनेलमधील मॉडेलसह व मॉडेलविना घेतलेल्या नोंदी.

प्रत : चाचणी वैमानिक यांना समक्ष दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. आता त्यांचे हेल्मेट मांडीवर घेऊन तेही याच बाकावर बसले आहेत.