दादाच्या वाटणीचं दूध

९ जानेवारी

चि. ठकीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि चीजचा डबा एकाच दिवशी पोचले. आधी डबा उघडला, हे कबूल करतो. थोरली गाय पुन्हा लाथा झाडायला लागली हे वाचून बरं वाटलं. गोठ्यात तुझ्या तोडीचं कुणीतरी हवंच.

इकडचं म्हणशील तर आठवड्यातले तीन दिवस मी डायलिसिसच्या मशीनच्या हवाली. चार तास एक हात न हलवता पडून राहायचं. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन असतात. आम्ही दोघं छताचे चौकोन मोजतो. त्यांचे नेहमी दोन जास्त भरतात आणि ते ऐकून घेत नाहीत.

तक्रारी दोनच. एक, रक्त वाढत नाही. त्याची इंजेक्शनं चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन सातावर अडून बसलंय. माझ्या बाइंडिंगच्या खोलीला सतरा पायऱ्या आहेत, हे तुला माहीत आहे. पाचव्या पायरीवर धाप लागते, म्हणून तीन महिन्यांत वर गेलेलो नाही. अण्णांची औषधांची वही नव्याने बांधायला घेतली होती, ती शिवणीच्या चौकटीत तशीच अडकून पडली आहे.

दुसरी तक्रार खाजेची. कातडीच्या आतून खाज येते, नखं पोचत नाहीत. खाण्यातलं फॉस्फेट रक्तात साठतं म्हणे. धडक्या किडन्या ते बाहेर टाकतात, मशीनला तेवढं उपसता येत नाही. त्यापायी हाडं पोखरतात, मानेतल्या तांदळाएवढ्या ग्रंथी फुगतात, आणि त्या फुगल्या की रक्ताचं इंजेक्शनही धड लागू पडत नाही. तीन-चार महिन्यांत आकडा उतरला नाही तर मानेचं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझं हृदय पाहता त्यांना ते नको आहे. मलाही नको आहे.

औषधात मी हयगय करतो असं मात्र मनात आणू नकोस. अण्णांचा नियम अजून पाळतो: औषध रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, तोंड वाकडं न करता. सकाळी सहाला सगळ्या गोळ्या रांगेत मांडतो आणि एका दमात संपवतो. सिस्टर म्हणतात, त्यातल्या काही जेवताना चावून खा. नाजूक पोटाच्या लोकांना सांगत असतील. कंपाउंडरच्या मुलाला औषध कसं घ्यावं हे कालची पोर शिकवणार! मी नुसती मान डोलावतो.

लोभ आहेच, तो वाढवण्याइतकं रक्त मात्र सध्या नाही.

तुझा
दादा

१७ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रक्त नाही म्हणजे काय? माझ्या हातचं खाऊन माणूस फिकट राहिला तर माझ्या गोठ्याची अब्रू काय राहिली? सोबत चीजचे दोन डबे, दुधाची पावडर आणि बदाम पाठवते आहे. पावडर रोज दोन चमचे घ्यायची. टाळाटाळ केलीस तर मला इथे कळेल.

परवा धारा काढता काढता अण्णांचा दवाखाना डोळ्यांपुढे उभा राहिला. लाकडी खिडकी, तिच्यामागे अण्णांचा चष्मा, आणि खाली स्टुलावर तू, बाटल्यांना लावायच्या डोसाच्या पट्ट्या कापत बसलेला. कागदाची घडी घालून कोपरे कापायचे, उलगडली की सारख्या सहा खाचा. तुझी एकही पट्टी कधी वाकडी गेली नाही. तू बाइंडर होणार हे तेव्हाच ठरलं असावं.

आणि मी? शाळेच्या पायऱ्यांवर भोवळ येऊन पडणारी, पांढरीफटक. अण्णांनी मला दिवसाला दोन पेले दूध सांगितलं आणि घरात तर माणशी एकच यायचं. आई चुलीकडे वळली की तू आपला भरलेला पेला माझ्यापुढे सरकवायचास आणि माझा रिकामा उचलून तोंड पुसायचास. पूर्ण दोन वर्षं. आईला कळलं तेव्हा ती पदरात तोंड घालून रडली होती. दादा, माझ्या अंगात जे रक्त आहे ना, त्यातलं निम्मं तुझं आहे. लोक विचारतात, गोठा का काढलास, दुसरं काही सुचलं नाही का. मी काय सांगणार?

म्हणून मुकाट्याने खा. माया आहेच, पण डबे रिकामे परत आले तरच ती अशीच राहील.

तुझी
ठकी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, म्हणून आधीच कान पकडते.

आत्या, बाबांचं फॉस्फेट साडेआठ आलं. साडेपाचाच्या आत हवं. काल आहाराच्या बाई घरी येऊन फडताळ बघून गेल्या. चीज, दुधाची पावडर, बदाम, हे सगळं फॉस्फेटने भरलेलं असतं. बाबांच्या यादीत त्यावर लाल फुली आहे आणि ती यादी त्यांनी माझ्यापासून वर्षभर लपवली होती. मी विचारलं तर म्हणाले, नखाएवढंच खातो. पण डबा चार दिवसांत संपतो, आणि घरात दुसरं कुणी चीज खात नाही.

तुला वाईट वाटेल म्हणून ते कधीच सांगणार नाहीत. रात्रभर पाठ भिंतीला घासत असतात. मला काय करावं कळेना, म्हणून तुला लिहिलं. दवाखान्याचं माहितीपत्रक सोबत जोडते.

रागावलीस तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

तुझी
भाची

९ फेब्रुवारी

ती. दादास,

आज शि. सा. न. नाही. नमस्कार मनात केला आहे, लिहायचा नाही.

पोरीला बोल लावशील तर माझ्याशी गाठ आहे. तिने पत्रक पाठवलं म्हणून मला कळलं, की गेलं वर्षभर मी तुला डब्यातून काय पाठवत होते. कागद, दोऱ्या, वर माझा पत्ता, आणि आत तुझी खाज. मी गोठ्यात बसून रडले. थोरली गायसुद्धा लाथ मारायची विसरली.

मग डोळे पुसून ते पत्रक पुन्हा वाचलं. दादा, तू वाचलंस का? त्यात सरळ छापलंय, की फॉस्फेटची गोळी घासांच्या मध्ये चावून खायची. ती पोटात अन्नातल्या फॉस्फेटला धरते आणि तशीच बाहेर घेऊन जाते. रक्तापर्यंत पोचूच देत नाही. सकाळी सहाला तुझ्या पोटात धरायला आहे काय? पाणी! तेही तुला मोजून मिळणारं. वर्षभर तू इमानेइतबारे गोळ्या वाया घालवल्यास. सिस्टर विचारत असतील, गोळ्या घेता ना, आणि तू छाती पुढे काढून सांगत असशील, एकही चुकवत नाही.

अण्णांचा नियम म्हणे! अण्णांचा नियम एकच नव्हता. माझं लोहाचं मिक्श्चर आठव. त्याच्या बाटलीवर 'जेवणानंतर' असं लिहिलेलं असायचं आणि ते अक्षर तुझं होतं. अण्णा औषधागणिक वेगळं सांगायचे. तुला सोयीचं तेवढं तू लक्षात ठेवलंस. वडिलांचा शब्द पाळतो म्हणून जिवावर बेतून घेतलंस तर वर गेल्यावर तेच तुझा कान पिळतील.

आता माझ्याकडून डबा येणार नाही. एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पण मग मी तुला पाठवू तरी काय? माझ्याकडे दुसरं आहे काय?

तू बरा हो. दुसरं काही मागत नाही.

ठकी

१३ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोळ्या जेवताना चावतो. खडू खाल्ल्यासारखं लागतं. सिस्टरची माफी मागितली. त्या हसल्या, ते जास्त लागलं. बाकी तपासणी झाल्यावर लिहीन.

दादा

२४ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचशील. फॉस्फेट पाच पूर्णांक चार. मानेच्या ग्रंथी पुष्कळ उतरल्या, ऑपरेशन नको असं डॉक्टरीणबाईंनी फाइलवर लिहून टाकलं. सलाइनमधून लोह दिलं, इंजेक्शनही आता लागू पडतंय, हिमोग्लोबिन साडेनऊ. पोस्टमनसाहेबांनी आपले दोन चौकोन मागे घेतले, त्या आनंदात.

परवा माडी चढलो. दहाव्या पायरीवर टेकलो, पण चढलो. खोलीत डिंकाचा वास तसाच होता. अण्णांची वही चौकटीतून सोडवली, शिवली, पाठीला कापड लावलं. शिवताना एक पान उघडं पडलं. तुझ्या मिक्श्चरचं. खाली अण्णांच्या अक्षरात: 'जेवणानंतर, नाहीतर पोरीला मळमळेल.' तू म्हणालीस तेच. हरलो.

पण ठकी, त्याच पानावर 'दूध दोन पेले' असंही आहे, आणि ते वाचल्यापासून मला झोप नाही. मी तुला एक सांगायचं राहिलंय. पंचावन्न वर्षं राहिलंय.

मला दूध आवडत नव्हतं. सायीचा पापुद्रा ओठाला लागला की मला उमासे यायचे. तुला पेला दिला तो मायेने नव्हे, सुटका म्हणून. तुझ्या गालांवर रंग चढला, आई सगळ्यांपुढे माझं कौतुक करायला लागली, आणि दहा वर्षांच्या पोराला कौतुक गोड लागतं. मग खरं सांगायची वेळ निघून गेली. तू गोठा काढलास तेव्हा तर तोंडच उघडेना.

चीजही मला आवडत नाही. वास आला की तीच साय आठवते. पण तू कागदात बांधून पाठवायचीस आणि पत्रात त्या दोन वर्षांचं लिहायचीस. मायेने न दिलेल्याबद्दल तू मला देत होतीस. निदान ते फेकून तरी कसं द्यायचं? म्हणून खात राहिलो. तुझ्या डब्याने मला काही केलेलं नाही, माझ्या मुकाटपणाने केलं.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. काय पाठवू म्हणून विचारलं होतंस. काही नको. तू ये.

रागावलीस तरी पत्रातून रागाव, तेवढा हक्क राहू दे.

तुझा
दादा

१ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि. (नमस्कार दोन समज, मागच्या वेळचा एक राहिला होता.)

पत्र वाचून मी आधी इतकी हसले, की दूध उतू गेलं. गोठेवालीच्या घरात हे चांगलं लक्षण नाही. पंचावन्न वर्षं दूध न आवडणाऱ्या माणसाला दूध पाजते आहे! तूही भला, आणि मीही भलीच.

मग मी बसून नीट आठवलं. आपलं टेबल कुठे होतं, सांग. खिडकीला लागून. खिडकीकडची जागा तुझी. खिडकीखाली न्हाणीची मोरी. आई पाठमोरी झाली की हात बाहेर काढून पेला उपडा करायला तुला किती वेळ लागला असता? कुणाला पत्ताही लागला नसता. माझ्यापुढे पेला सरकवायला तर टेबलावरून हात लांब करावा लागायचा आणि आईने दोनदा जवळजवळ पकडलंही होतं.

दोन वर्षं, दादा. एकदाही तू ते मोरीत ओतलं नाहीस.

तेव्हा तुझी कबुली मला मान्य नाही. तुला दूध आवडत नव्हतं, एवढंच खरं. बाकीचं मी होते तिथून मला जास्त चांगलं दिसत होतं.

मंगळवारी येते. दुपारच्या जेवणाला पोचेन. समोर बसेन, गोळी मध्यावर चावलीस की नाही ते बघेन, आणि मग आपण दोघं सतरा पायऱ्या चढू, हव्या तितक्यांदा टेकत. अण्णांची वही मला बघायची आहे.

काल सवयीने डबा भरायला घेतला होता, तो परत ठेवून दिला. जन्मात पहिल्यांदा तुझ्याकडे काहीही न आणता येते आहे, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. दार उघडशील तेव्हा हसू नकोस.

तुझी, रिकाम्या हातांची
ठकी