हिची मुलाखत, आमचा रेडिओ

शनिवार, २ मार्च
हिला रेडिओवर बोलावलंय. दातांची डॉक्टर म्हणून, मुलांच्या दातांवर मुलाखत. पुढच्या रविवारी, अकरा वाजता, थेट. मुलांसमोर जाहीर केलं : आईचा आवाज आपण स्वतः बनवलेल्या रेडिओवर ऐकायचा. किट आणलं. खोक्यावर ‘वय दहा वर्षांपुढे’ असं लिहिलंय. म्हणजे पोरखेळच.

रविवार, ३ मार्च
मोठीला (वय अकरा) माहितीपत्रक वाचायचं होतं. तिला समजावलं की जाणकार माणूस आधी नजरेने काम करतो. सोल्डरिंग मीच केलं. गरम वस्तू, मुलांची सुरक्षितता महत्त्वाची. मुलांनी टेबल धरलं. टेबल हलत नव्हतं, पण सहभाग हवा.

मंगळवार, ५ मार्च
एरियलची वायर भलतीच लांब. पसारा दिसत होता. बोटभर ठेवून बाकीची छाटली. मोठी म्हणाली, पत्रकात लांबच ठेवा असं लिहिलंय. कागदावर लिहायला काय जातं! धाकट्याने विचारलं, हे दोन पार्ट उरले कसे. कंपनीवाले जास्तीचे देतात, असं सांगितलं. देत असतीलच.

गुरुवार, ७ मार्च
रेडिओ पूर्ण. इअरफोन एकच आहे, एकाच कानाचा. आवाज अजिबात नाही. साधी खरखरसुद्धा नाही, यावरून जोडणी किती स्वच्छ झाली ते कळतं. ऑफिसात प्रिंटर अडला की मलाच बोलावतात, हे मुलांना पुन्हा सांगितलं. धाकटा म्हणाला, तो प्रिंटर अजून अडलेलाच आहे ना. कुठून ऐकतात कोण जाणे.

शनिवार, ९ मार्च
ही आरशासमोर उत्तरं पाठ करतेय. एरवी माणसांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारी बाई, पण माइकला घाबरलीय. म्हणाली, तुम्ही तिघं ऐकताय एवढं ठाऊक असलं तरी मला धीर येईल. मला एकदम भरून आलं. शब्द दिला. रेडिओ अजून गप्प आहे, पण ऐन वेळी बोलेल.

मोबाइलवर ऐकू या, असं मोठीने सुचवलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या माझा मोबाइल कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

रविवार, १० मार्च, सकाळी
अकरा वाजले. इअरफोन मी लावला. काही नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. धाकट्याने विचारलं, आई बोलतेय का. काय करणार? म्हटलं, बोलतेय.

मग विचारलं, काय बोलतेय. सांगितलं, रात्री दात घासा. गोळ्या कमी खा. मोठी वहीत उतरवून घेत होती. हुरूप आला. आई म्हणतेय, आमच्या घरात सगळ्यांत नीट दात बाबा घासतात. आई म्हणतेय, माझ्या यशामागे त्यांचाच हात आहे. मोठीने लिहिणं थांबवलं. तिला इअरफोन हवा होता. म्हटलं, मध्येच काढला तर स्टेशन जाईल.

कपाटात मोबाइल तीनदा वाजला. लक्ष विचलित होऊ दिलं नाही. साडेअकराला कार्यक्रम संपल्याचं मीच जाहीर केलं. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. पोरगं खूश झालं, आणखी काय हवं?

रविवार, दुपारी
ही आली. चपला काढायच्या आत धाकटा गळ्यात पडला. म्हणाला, आई, तू मस्त बोललीस! सगळं सांगितलं त्याने. दात, गोळ्या, यशामागचा हात.

हिने ऐकून घेतलं. मग सांगितलं की मुलाखत घेणाऱ्या बाईंचा घसा बसला, त्यामुळे मुलाखत झालीच नाही. मुलं वाट बघत बसतील म्हणून तिने तिथून तीनदा फोन केला होता. आता पुढच्या रविवारी आहे.

मोठीने टेबलावरून किट उचललं, पत्रक उचललं आणि धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. मलाही बोलावेल असं वाटलं. दार लावून घेतलं.

हिने माझ्यापुढे पाठ केलेल्या उत्तरांचे कागद ठेवले. म्हणाली, पुढच्या रविवारी मी काय काय बोलणार आहे ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे मला पाठांतर नको.