चिंधी बांधलेलं वांगं

माय, आज सुनेनं भरली वांगी केली. पहिलाच घास घेऊन नातू म्हणाला, "हे पणजीचं वांगं ना?" मी हो म्हणाले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. सून म्हणते, बसा की जरा. पण मला कुठे बसवतंय! या पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय, असं तूच म्हणायचीस. लेकाच्या पाटीवर गिरवून मोठेपणी चार अक्षरं शिकले होते, तेवढ्यावर आज तुला लिहायला बसलेय.

निजामाच्या राज्यातले ते शेवटचे उन्हाळे. चैत्र लागला की मळ्यात सगळं एकदम अंगावर यायचं. कांदा काढायचा, गवार निबर व्हायच्या आत तोडायची, भेंडीला एक दिवस चुकवायचा नाही, आणि वांग्याला तर उसंतच नाही. बाबा मोटेवर, तू आणि मी वाफ्यात. "हात चालव पोरी, ऊन डोक्यावर येऊन राहिलं," असं तुझं सारखं चाललेलं. त्या दिवशी हिंगोलीचा बाजार होता. माझी वांग्यांची पाटी काठोकाठ भरली तर मला गाडीत घेशील, असं तू कबूल केलं होतंस. तेरा वर्षांची मी, बाजारापायी पहाटेपासून जीव नुसता वरखाली होत होता. आणि शेवटी पाटीला चारच वांगी कमी पडली.

वांग्याचा तो शेवटचा तोडा, झाडावर चारच उरली होती. सगळ्यांत देखणी, देठाला तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. चिंधीचं फळ बियाचं, त्याला हात लावायचा नाही, ते पिकून पिवळं होईतो झाडावरच राहायचं, हे मला चालता येऊ लागल्यापासून माहीत होतं. हे बी तू लग्नात माहेराहून पदरात बांधून आणलेलं. गेल्या सालचं उरलेलं तू शेजारच्या मळ्यातल्या चाचीला देऊन टाकलं होतंस, म्हणजे आपल्याकडं होतं ते या चार फळांतच. तरी मी तोडली. पाटीच्या तळाशी घातली, चिंध्या पाण्याच्या दांडातल्या चिखलात पायानं दाबल्या आणि गाडीत जाऊन बसले.

परत आल्यावर तू झाडं पाहिलीस. "काहून गं, माझी बियाची वांगी कुठं गेली?" मी पटकन म्हणाले, सकाळी चाचीची बकरी शिरली होती. आठवड्यापूर्वी ती खरंच शिरली होती, म्हणून तोंडात तेच आलं. तू तशीच बांधावर गेलीस. "बकरी बांधून ठेवता येत न्हाई व्हय तुला? माझ्या मायचं बी गेलं!" चाची पदराला हात पुसत आली. "बाई, बकरी तो सुबह से खूंटे कू बंधी है." "म्हंजे माझं लेकरू खोटं बोलून राहिलं व्हय?" चाचीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या पायाच्या बोटांत, वाळल्या चिखलात, चिंधीचा दोरा अडकलेला होता. तिला कळलं, माय. ती एवढंच म्हणाली, "नहीं बाई. बच्ची काहे कू झूठ बोलेंगी."

दोन्ही मळ्यांना विहीर एकच. आधी तुम्ही दोघी मोटेची पाळी संपेपर्यंत एका दगडावर बसून भाकरी खायच्या. त्या दिवसापासून तू मला पाठवायला लागलीस, "जा, सांग तिला, आमची पाळी झाली म्हनावं." मी जायची, सांगायची. चाची मान हलवायची.

वीसेक दिवसांनी बांधावर एक पिवळंधमक वांगं ठेवलेलं दिसलं, देठाला हिरवी चिंधी. तुझ्याच बियाचं होतं ते. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "हात लावू नको त्याला." आणि पुढं गेलीस. दुपारी तू निजलीस तेव्हा मी ते उचललं. बी धुतलं, राखेत घोळलं, वाळवून पुडी बांधली. मृगाच्या तोंडावर तू बियासाठी घर पालथं घालत होतीस तेव्हा ती पुडी पुढं केली, वळचणीला जुनी सापडली म्हणून. तू ती डोळ्यांना लावलीस. "माझ्या मायनं राखलं गं!" पुढं मरेपर्यंत आल्यागेल्याला हेच सांगत राहिलीस.

दोन वर्षांनी चाचीचं कुटुंब वसमतला लेकाकडं निघालं. त्यांची गाडी आपल्या मळ्यावरूनच गेली. तू वांगी तोडत होतीस, तीच वांगी, आणि तू मान वर केली नाहीस. चाचीनं मला हात केला. माझ्या डोक्यावर पाटी होती. दोन्ही हात मी पाटीलाच धरून ठेवले.

बकरी बांधलेलीच होती, माय. आणि बी चाचीनं दिलेलं.

हा कागद कुठं धाडणार? बियाच्या डब्यात ठेवते. मला गावातच दिलेली, तू असताना वीस वर्षं रोज भेटत होतीस, तेव्हा सांगितलं नाही. आता स्वयंपाकघरातून नातवाचा आवाज येतोय, वांगं अजून उरलंय का विचारतोय. पुन्हा कुणाचं म्हणून विचारलं, तर मी तुझंच नाव घेईन.