पिंकीची रायफल

गुरुवार संध्याकाळ, कोइमतूर

डोकं फिरलंय. महिनाभर मोबाईलवर बघून बहिणीसाठी गॅसवाली एअर रायफल निवडली. स्वस्तातली, हलकी, पिंकीच्या हातानं नळी खाली वढून छर्रा भरता येईल अशी. जिल्ह्याच्या नेमबाजीत उतरायचंय तिला. आन आप्पांनी आज सांगलीस्नं स्प्रिंगवाली जड आणली!

फोनवर म्हणतात, "गॅस संपल्यावर टाकी कुठं भरायची रं?" आवं आप्पा, टाकी नसतीय त्याला. गॅस आतच बंद असतोय. मी दिवसभर सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसतोय, मला गॅस कळत न्हाई व्हय?

दुकानात गेलं कोण? आप्पा, चुलता आन चुलत्याचा जावई. तिघांनीबी खांद्याला लावून बघितली. लय भारी म्हणं! पिंकीला नेलंच न्हाई. पोरीचं काय काम बंदुकीच्या दुकानात, म्हणं. आता तिला नळी वढवतच न्हाई. रडत व्हती. नेम काय जावई धरणार हाय?

परत फोन लावला. म्हणलं, "पिंके, उद्या बदलून आण. तूच वढून बघ. आप्पांना बाहेर चहाला बसव."

"आन दाजी आलं तर?"

"त्यांना बिस्किटं बी दे. पण आत येऊ देऊ नको."