घार, बगळे आणि सासऱ्यांचं तळं

४ ऑगस्ट
सासरेबुवांनी आज तोंडावर सांगितलं. या खेपेला मासे वाढले नाहीत, तर तळं साडूकडे. म्हणजे तळ्यावरची आमची खोलीही साडूकडे. हरकत नाही. शत्रू कोण ते मला ठाऊक आहे. बगळे. बोटाएवढी पिल्लं पाण्यात सोडली की हे हजर.

५ ऑगस्ट, दुपार
साडू म्हणाला, तळ्यावर दोऱ्या ताण, म्हणजे बगळे उतरणार नाहीत. दोऱ्या म्हणे! मी दोन्ही पक्ष्यांचा नीट अभ्यास केलाय. बगळा : लांब पाय, बारीक मान, मनाने भित्रा, स्वभावाने ढोंगी. घार : वाकडी चोच, नखं, दरारा. घार दिसली की बगळा पळणारच. फायबरची मोठी घार ऑर्डर केली. बायको म्हणाली, कशाला नसते उद्योग? तिला पक्ष्यांतलं कळत नाही.

११ ऑगस्ट
घार खांबावर चढवली. बगळे गायब. दिवसभर धो धो पाऊस होता, पण त्याचा काही संबंध नाही.

१३ ऑगस्ट
बगळे परत. लांब उभे आहेत. घाबरलेत. घाबरल्यावर काहींना भूक लागते, म्हणून खातायत.

१६ ऑगस्ट, सकाळ
एक बगळा घारीच्या डोक्यावर बसला. वर शिटला. बायको हसली.

१९ ऑगस्ट
खरी घार आली. खोटीच्या शेजारी बसली, मग झेपावली, मासा उचलला, गेली. एवढ्याच कामाला बगळा अर्धा दिवस उभा राहतो. घार श्रेष्ठ, हे सिद्ध झालं. मासा आपला होता, ते सोडा.

२४ ऑगस्ट
झोप उडालीय. बायको म्हणाली, अजून तरी दोऱ्या ताणा, बाबांना काय तोंड दाखवू मी? म्हटलं, आता ताणल्या तर साडूचं ऐकल्यासारखं होईल. ती रडली. मलाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल?

२९ ऑगस्ट
काल एकही बगळा नाही. आजही नाही. जिंकलो. सासरेबुवांना फोन केला, उद्या या, जाळं टाकू. साडूलाही मुद्दाम आणा म्हटलं.

३० ऑगस्ट
जाळं टाकलं. शेवाळ आलं, एक बेडूक आला. पुन्हा टाकलं. बेडूकही नाही. साडू हळूच म्हणाला, खायला काही उरलंच नाही, तर बगळे येतील कशाला. सासरेबुवांनी खोलीची किल्ली मागितली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बायकोने दिली.